अर्थिंगचा खड्डा

१

गोदामाई खरेदी संघाच्या कॉम्प्युटर खोलीत जाताना पायातलं बाहेर काढायचं, असा नियम होता. देवळाबाहेर कुरकुरत काढणारेसुद्धा इथं गुपचूप काढत. परभणीच्या मोंढ्यातली, धान्यबाजारातली धूळ ज्यानं खाल्ली आहे, त्याला या नियमाचं नवल वाटणार नाही. सारजाबाई रोज सकाळी येई, दाराबाहेर चपला भिंतीशी नीट लावी, पदराच्या गाठीतली किल्ली सोडी, दार आत ढकली, एसी लावी आणि मशीनवरच्या फडक्याची घडी घाली. दहावी पास आणि टायपिंगची परीक्षा, एवढ्या शिदोरीवर ती या गारेगार खोलीपर्यंत पोचली होती. गल्लीतल्या बायका म्हणत, "सारजीचं नशीब बगा, थंडीत बी पंख्याखाली!" एसी म्हणजे काय ते सांगून सांगून ती दमली आणि शेवटी "व्हय बाई, पंखाच हाय" म्हणू लागली.

त्या वर्षी डिसेंबर संपता संपता संघात लॅपटॉप आले. खेड्यापाड्यांतल्या खरेदी केंद्रांवर एकेक द्यायचा होता. हमालांनी त्यांचं नाव सुटकेस ठेवलं. त्या सुटकेसमध्ये सिस्टीम भरायला चारठाण्याचा भुजंग आला. औरंगाबादेत शिकलेला, तिथल्याच एका कंपनीत नोकरीला, पण बोलताना जिंतूर तालुका लपायचा नाही.

"ताई, एकेकात फ्लॉप्या घालत बसलो तर संक्रांत जाऊन शिमगा येईल," तो म्हणाला. "त्यापेक्षा ही केबल. लॅपटॉपच्या पाठीला ही डबी लावायची, डबीला केबल जोडायची. एक फ्लॉपी घातली की लॅपटॉप जागा होतो, केबलवरून मोठ्या मशीनला हाक मारतो. मोठं मशीन त्याला सगळं आपोआप पाजतं. आपण चहा प्यायचा."

"म्हणजे गाईवानी?"

"गाईवानीच. फक्त वासरं लय अन् गाय एक."

पण वासरं काही पिईनात. केबल करंगळीएवढी जाड, काळी, भिंतीच्या कडेनं एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलेली. लॅपटॉप हाक मारायचे, काम सुरू व्हायचं, पडद्यावरची रेघ निम्म्यापर्यंत जायची आणि थांबायची. भुजंग म्हणायचा, "गेली." त्यानं डब्या बदलल्या, सांधे सोडून पुन्हा बसवले, केबलच्या दोन्ही टोकांवरची टोपणं घासून पुसून लावली. या टोपणांवाचून केबलमध्ये पाठवलेलं भिंतीवर चेंडू आपटावा तसं परत येतं, असं त्यानं सारजाला समजावलं. टोपणं जागेवर होती. तरी रेघ निम्म्यावर मरत होती.

संक्रांतीला चेअरमन आबासाहेब स्वतः येऊन लॅपटॉप वाटणार होते. औरंगाबादेहून दुसरा माणूस बोलवावा तर ते दिवस वेगळेच होते. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागणार म्हणून नाक्यानाक्यावर पोलीस, गाड्या कधी सुटत, कधी न सुटत. कंपनीतल्या साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं, "केबलच्या एका टोकाला अर्थिंग दिलंय का?"

भुजंगनं कपाळावर हात मारला आणि लिंबाजीला हाक घातली.

२

लिंबाजी संघाचा वायरमन. विहिरीवरची मोटार असो की लग्नातला लाऊडस्पीकर, त्याचा हात लागला की गोष्ट चालू होई; कशी, ते कुणी विचारत नसे. भुजंगला वाटलं होतं, लिंबाजी मीटरच्या जुन्या अर्थिंगला एक तार बांधून देईल, झालं. पण लिंबाजीनं जुनं अर्थिंग तपासून तोंड वाकडं केलं. "ते मेलंय कवाच. नवा खड्डा घेतो."

खोलीच्या मागे भिंतीलगत एक रिकामी जागा होती. तिथं गवतही धड उगवत नसे. लिंबाजीनं तिथं छातीइतका खड्डा घेतला, तळाशी तांब्याची पट्टी टाकली, मिठाचं पोतं रिकामं केलं, वर कोळशाचे थर दिले, पाणी सोडलं आणि माती लोटली. संध्याकाळी भुजंग बघायला गेला तर हसावं की रडावं त्याला कळेना. लिंबाजीनं केबलच्या टोकाचं टोपण काढून टाकलं होतं, केबल खिडकीतून बाहेर घेतली होती आणि तिचं उघडं टोकच पट्टीला बांधून खड्ड्यात पुरलं होतं.

"अहो मामा, टोपणाला बारकी तार लावायची होती! तुम्ही केबलच गाडली की!"

"अर्थिंग म्हणलं की जमिनीत जायला पायजे," लिंबाजी म्हणाला. "निम्मंशिम्मं काम मला जमत न्हाई."

"आता हे चालणारच नाही."

भुजंगनं आत जाऊन एक लॅपटॉप लावून पाहिला. रेघ निम्म्यावर आली, निम्मं ओलांडलं, शेवटपर्यंत गेली. त्यानं दुसरा लावला. तोही भरला. तो बाहेर येऊन लिंबाजीच्या पाया पडायचाच बाकी राहिला.

"कोळसा कुठून आणला, मामा?" सारजानं विचारलं. कोळशाचं बिल तिलाच टाइप करावं लागे.

लिंबाजी हात धूत होता. त्यानं मान वर केली नाही.

"आणला न्हाई. तिथं व्हताच."

सारजानं खड्ड्याकडं पाहिलं. तिथं कोळसा का होता, हे तिला माहीत होतं. लिंबाजीलाही होतं.

त्या जागेवर पूर्वी संघाचं बारदाना गोदाम होतं. सुगीच्या आधी फाटकी पोती शिवायला बाया लावत. काही भीमनगरातल्या, काही ऊसतोडीहून परतलेल्या घरांतल्या. सारजाची आई दगडाबाई त्यांतच. बाया पदराखाली पोती नेतात म्हणून दुपारी गोदामाला बाहेरून कुलूप घालायचं आणि दिवस मावळताना झडती घेऊन एकेकीला सोडायचं, ही संघाची रीत. किल्ली आबासाहेबांच्या खिशात. अठ्ठ्याहत्तरच्या त्या श्रावणात सारजा दुपारी आईची भाकर घेऊन आली तेव्हा दाराला कुलूप होतं. तिनं भाकर दाराखालच्या फटीतून सरकवली. आतून आईची बोटं आली, भाकर घेऊन गेली. तेवढंच तिचं शेवटचं दिसणं.

दुपारनंतर गोदाम जळालं. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडाच पेटला होता. वस्त्या जळत होत्या, माणसं रातोरात गावं सोडत होती. त्या जाळात हा एक जाळ मिसळून गेला. आबासाहेबांनी सांगितलं, दंगेखोरांनी आग लावली. तसंच लिहिलं गेलं. कुलपाचं कुणी विचारलं नाही. राखेत कुलूप सापडलंही नाही. पुढं आबासाहेबांनीच सारजाला शिकवलं, संघात चिकटवलं, आणि भेटेल त्याला सांगितलं, "पोरकी पोर हाय, आपली जिम्मेदारी हाय."

सारजा त्यांचं मीठ खात आली. रागानं माणूस ओरडतं तशी ती कधी ओरडली नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. कुलूप कुणी लावलं होतं, हे एकदा त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

३

दुसऱ्या दिवशी दार लावलं आणि केबलची लाइन गेली.

आदल्या संध्याकाळी लिंबाजीची ये-जा होती म्हणून दार उघडंच राहिलं होतं. आज एसी लावायचा म्हणून सारजानं दार सोडलं. त्याला स्प्रिंग होती. ते आपोआप फिरून आलं, खट्‌कन लागलं आणि सगळ्या पडद्यांवरच्या रेघा एकदम थांबल्या.

"दारात केबल चेंगरली असंल," भुजंग म्हणाला. पण केबल दाराच्या बाजूला नव्हतीच. "मग दाराचा धक्का बसून सांधा हालत असंल." त्यानं सगळे सांधे चिकटपट्टीनं बांधले. दार लावलं. गेली. "मग एसी. दार लागलं की एसीवर जोर येतो." एसी बंद केला. दार लावलं. गेली.

शेवटी तो दाराकडं पाठ करून बसला. "ताई, तुमच्या मनाला येईल तेव्हा दार लावा. मला सांगू नका."

सारजानं दार हळूच लोटलं. बोट जाईल एवढी फट ठेवली. लाइन चालू. फट बारीक केली, कागद जाईल एवढी. चालू. मग श्वास रोखून तिनं दार टेकवलं. जीभ खाचेत बसली, आवाजसुद्धा झाला नाही.

"गेली!" भुजंग ओरडला.

तिनं दार उघडलं.

"आली!"

असं पुष्कळदा झालं. एकदाही चुकलं नाही. भुजंग उठून दाराकडं आला, चौकटीवरून हात फिरवला, काचेवर टिचकी मारली. वरचा बराच भाग काचेचा आणि खालचा थोडा पत्र्याचा, असं साधं अॅल्युमिनिअमचं दार. त्यात एक तारसुद्धा नव्हती.

"मशीनला काय कळतंय, दार लागलं का उघडं हाय ते?" तो हळू आवाजात म्हणाला.

लिंबाजी बाहेर बिडी ओढत बसला होता. "कोंडल्यावर कुणाला बी कळतंय."

"मामा, खामखा भेवडू नका हो. मला रात्री एकट्याला लॉजवर झोपायचं असतं."

त्यानं काट्यावरचं पाच किलोचं वजन आणून दारात ठेवलं. धूळ यायची ती येऊ दे. वजन दारात असेपर्यंत एकही लॅपटॉप अडला नाही.

४

संक्रांत जवळ आली तशी एक दिवस भुजंग स्टेशनवर कंपनीचं पार्सल आलं का ते बघायला गेला. दुपार होती. मोंढ्यात लिलाव संपून सामसूम झाली होती. दोन लॅपटॉप भरत होते. त्यांच्या पोटातून खरखर येत होती. सारजा बिलं टाइप करत होती आणि टाइप करता करता तिची बोटं थांबली.

खरखर सारखी नव्हती. आधी काहीतरी टोचल्यासारखं, मग लांब ओढल्यासारखं, मग एक क्षण काहीच नाही. पुन्हा टोचणं, ओढणं, गप्प. जाड तागातून दाभण खुपसायचं, सुतळी हातभर ओढायची, गाठ आवळायची. लहानपणी ती या आवाजावर झोपलेली होती. आई घरीही पोती आणायची.

तिनं स्वतःला समजावलं. मशीनच्या पोटात तबकडी फिरते, भुजंगनं दाखवलं होतं. तबकडीवर सुई असते, तेही सांगितलं होतं. सुई म्हटल्यावर मनाला दाभण आठवणारच. एवढंच.

मग तिनं उठून दारातलं वजन पायानं बाजूला केलं.

दार लागलं. रेघा थांबल्या. मशीनची खरखर थांबली.

टोचणं, ओढणं, गप्प. ते चालूच राहिलं.

ते कुठून येत होतं, हे सांगता येत नव्हतं. टेबलाखालून म्हणावं तर टेबलाखाली फक्त केबल होती. ओल्या तागाचा वास आला, आणि त्या वासामागं दुसरा एक, जळकट. एसीचं वारं अंगावर येत होतं, हातावर शहारे होते, तरी तिनं दाराच्या मुठीला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. कढईचा कान फडक्याशिवाय धरल्यासारखा.

पदर गुंडाळून तिनं मूठ फिरवली. दार उघडलं. बाहेर उन्हात एक कुत्रं झोपलं होतं. चहावाल्याचा स्टोव्ह फरफरत होता. सगळं जिथल्या तिथं. मूठ पुन्हा धरून पाहिली, गार.

शहाण्या बाईनं तिथून निघून चहावाल्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. सारजा उंबऱ्यात उभी राहिली. भीती होती, पण भीतीच्या तळाशी काहीतरी गोड होतं, पाकाला तार यावी तसं लांबत जाणारं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, हे आपल्या एकटीच्याच पोटात आहे.

ती आत आली आणि दार तिनं स्वतः लावून घेतलं. खाली फरशीवर मांडी घालून बसली.

"मी सारजा," ती म्हणाली. "दगडाबाईची."

आवाज थांबला. खोली कान देऊन बसली.

"संक्रांतीला आबासाहेब यायलेत हितं. फोटोला." ती पुढं वाकली. "सोत्ताच्या खोलीत बी त्यास्नी दार लावूनच बसायची सवय हाय. तुमी त्या दिवशी काम मोडू नका. नुसतं बसू द्या त्यास्नी."

तिनं फरशीवर तळवा टेकवला. मग टोचणं, ओढणं सुरू झालं. आता ते एकीचं नव्हतं. पुष्कळ हात कामाला लागले होते, आणि सगळ्यांना काम वेळेत संपवायची घाई होती.

५

संक्रांतीच्या दिवशी परभणीत निम्मी दुकानं बंद होती. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला होता. कुठं निळे झेंडे आणि गुलाल, कुठं बंद फळ्यांमागं कुजबुज. संघाच्या आवारात छोटा मांडव होता. आबासाहेब जीपमधून उतरले. साठीचा माणूस, पण चाल अजून घोड्याची. पांढरं धोतर, कोट, हातात तिळगुळाचा डबा. ज्याला त्याला चिमूटभर देत ते थेट कॉम्प्युटर खोलीशी आले आणि बूट घालूनच आत गेले. कुणी काही म्हटलं नाही.

"वा! गार हाय गड्या," ते म्हणाले. "अन् दार उघडं टाकून कुणाला गारवा द्यायलात? मोंढ्याला?"

"साहेब, दार लावलं की लाइन जाते," भुजंग अजिजीनं म्हणाला. "एवढी शेवटची एक खेप राहिलीय. तेवढं दार उघडं राहू द्या."

"इंजिनेर, बिल संघ भरतोय का तुमी?" आबासाहेबांनी बुटाच्या टोकानं वजन सरकवलं. "हे काट्यावर शोभतंय, दारात न्हाई. फोटोवाला कुठं मेलाय बगा. तो येईस्तोवर मी बसतो हितं. जा. सारजे, तू चहा सांग."

भुजंग गेला. सारजा दार धरून उभी राहिली. आबासाहेब तिच्याच खुर्चीत बसले होते. त्यांनी डबा पुढं केला.

"घे. गोड बोल."

तिनं तिळगूळ घेतला, तोंडात टाकला नाही, मुठीत ठेवला.

"एक विचारू का, आबासाहेब?"

"पगाराचं सोडून काय बी इचार."

"बारदाना गोदाम जळालं त्या दिवशी कुलूप कुणी लावलं व्हतं?"

त्यांचा चेहरा बदलला नाही. एवढंच की हसू होतं तिथंच राहिलं आणि त्याच्यामागचा माणूस आत निघून गेला.

"आज कामून आठवायलीस हे? सणाचं?"

"नुसतं इचारते."

"पोरी, कुलूप नव्हतंच. दार उघडंच व्हतं." ते मऊ आवाजात, समजूत काढल्यासारखं बोलले. "बाया निघाल्या व्हत्या भाईर. पोती वाचवाया पुन्यांदा आत शिरल्या. तुजी माय पुढं व्हती. लय इमानी बाई. मी समद्यास्नी हेच सांगत आलोय, तिच्या चांगल्या नावासाठीच."

सारजाच्या मुठीत तिळगुळाचा चुरा झाला. भाकर घेऊन गेलेली बोटं तिच्या डोळ्यांपुढं आली.

"बरं," ती म्हणाली. "चहा सांगते."

ती बाहेर आली आणि तिनं दार सोडलं. धरून ठेवता आलं असतं. स्प्रिंगनं ते सावकाश फिरून आलं आणि लागलं.

६

भुजंग फोटोवाल्याला घेऊन आला तेव्हा दार बंद दिसताच तो धावत पुढं आला. तो काचेला नाक लावून उभा राहिला आणि एकदम टाळी वाजवून म्हणाला, "चाललंय! ताई, दार लागलंय तरी चाललंय! सगळे एकदम!"

खरंच, सगळ्या पडद्यांवरच्या रेघा सरकत होत्या, इतक्या वेगानं की तसा वेग भुजंगनं कधी पाहिला नव्हता. आबासाहेब खुर्चीत बसून ते बघत होते. मग त्यांनी कोटाची वरची गुंडी काढली. कपाळ पुसलं. एसीकडं पाहिलं. नाक वर करून वास घेतला.

ते उठून दाराशी आले आणि मूठ धरली. काचेतून त्यांचं तोंड उघडलेलं दिसलं, हात झटकलेला दिसला.

"सारजे! दार उघड!"

भुजंगनं बाहेरून दार ढकललं. सहज आत जाणारं दार, पण हाललं नाही. त्यानं खांदा लावला. दार अडकलेलं वाटत नव्हतं. जरासं दबून ते परत येत होतं, मऊ, जड, जशी आतून पुष्कळ अंगं त्याला टेकून बसली असावीत.

"ताई, किल्ली! किल्ली द्या लवकर!"

"कुलूप लावलेलंच न्हाई," सारजा म्हणाली. ते खरं होतं. किल्ली पदराच्या गाठीत होती आणि गाठ सकाळपासून तिनं सोडली नव्हती. दार आज लिंबाजीनं दुसऱ्या किल्लीनं उघडलं होतं.

आत आबासाहेब दोन्ही हातांनी काच बडवू लागले. मांडवातली माणसं चहाचे कप घेऊन तशीच वळली. काचेवर आतून वाफ धरत होती. त्या वाफेत खालच्या बाजूला, आबासाहेबांच्या कमरेच्याही खाली, जिथं बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं, पंजे उमटत होते. आबासाहेबांचे हात वर होते.

सारजा काचेजवळ गेली. तिचं तोंड त्यांच्या तोंडासमोर आलं.

"कुलूप कुणी लावलं व्हतं?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही.

"मी!" आबासाहेब ओरडले. सगळ्या आवारानं ते ऐकलं. "मी लावलं व्हतं! किल्ली माज्याकडं व्हती! भ्यालो म्हणून आलो न्हाई! मीच लावलं, सारजे, आता उघड!"

चहाचा एक कप कुणाच्या तरी हातातून पडला.

इतक्या वर्षांत ज्याची वाट पाहिली ते कानावर पडलं. आता सुटेल, असं सारजाला वाटलं. दाराचा मऊपणा जाईल, दार उघडेल, आणि सगळ्यांना घरी जाता येईल. ती थांबली.

तेव्हा आबासाहेबांच्या मागं, वाफेपलीकडं, काहीतरी उभं राहिलं. पोत्यांची थप्पी उभी राहावी तसं. थप्पीला खांदे नसतात. त्यातल्या एका खांद्यावरचा पदर सरळ केला गेला. मग आणखी एक उठलं, आणि त्यांनी आबासाहेबांना दारापासून अगदी हळुवारपणे आत ओढलं. काचेवर फक्त पंजे राहिले.

७

"खड्डा! खड्डा घेतल्यापासूनच हे लागलंय!" भुजंग किंचाळला. "मामा, ती केबल उपटा! अर्थिंग तोडा!"

लिंबाजी धावला, पण सारजा त्याच्या आधी खोलीच्या मागं पोचली. खड्ड्यावरची माती ओली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. मातीतून केबल वर येऊन खिडकीत गेली होती. सारजानं ती दोन्ही हातांनी धरली. गरम होती, आणि ताठ. एक हिसका दिला असता तर पट्टीपासून सुटून आली असती. लिंबाजीची गाठ काही फार घट्ट नव्हती.

खिडकी केबलपुरती फट सोडून बंद होती. तिच्या काचेपुढं एसीची पाठ आली होती, आतलं काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. दारावरची थाप सुरू झाली होती, आता आणखी खालून, जणू मारणारा फरशीवर बसला होता. दोन थापा, मग श्वास घ्यायला थांबणं, मग पुन्हा.

लिंबाजी धापा टाकत आला. "वढ, पोरी! वढ की! माणूस हाय त्यो!"

"व्हय," सारजा म्हणाली.

तिनं केबल सोडून दिली. पदर खोचला, खड्ड्याच्या ओल्या मातीवर मांडी घालून बसली. तिचं सगळं अंग केबलवर आलं. लिंबाजीनं तिच्या खांद्याला हात घातला, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हात काढून घेतला.

"बसा, मामा," ती हळूच म्हणाली. "जरा दम धरा."

ती भाकर देऊन घरी गेल्यानंतर त्या दिवशी दारावरची थाप किती वेळ चालली होती, हे सारजाला कुणीच सांगितलं नव्हतं. मोंढा भरलेला होता, ऐकलं पुष्कळांनी होतं. पण तिनं विचारलं की माणसं पायाकडं बघत. लिंबाजीही बघायचा.

ती भिंतीकडं कान करून बसली आणि मोजू लागली.